ओळख ना पाळख, तरी सल्ला द्यायचाय? मग असा द्या

"लग्न होऊन बारा वर्षं झाली. वडील गेले. भाऊ म्हणतोय हक्कसोडपत्रावर सही कर. करू का?"

कुणीतरी रात्री साडेदहाला मोबाईलवर एवढंच लिहितं आणि घटकाभरात त्याखाली उत्तरांची रांग लागते. "अजिबात करू नका." "माहेर तुटेल, करून टाका." "कायद्याने निम्मं तुमचंच आहे." उत्तर देणाऱ्या एकालाही हे माहीत नसतं की जमीन वडिलार्जित म्हणजे पूर्वजांकडून आलेली आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली, आई हयात आहे का, भावंडं किती आणि कागदात कुठले गट नंबर आहेत. आई असेल तर तिचाही वाटा धरावा लागतो, म्हणजे ते "निम्मं"सुद्धा तिथंच कोसळतं.

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत या भागातून असे प्रश्न रोज विचारले जातात. शेती, भाडं, नोकरी, सासर, पोरांची आजारपणं. उत्तर देणाऱ्यांची नियत बहुतेक वेळा चांगलीच असते. अडचण अशी की सल्ला देणारा झोपून जातो आणि विचारणारी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सल्ल्यावर सही करते. म्हणून उत्तर लिहायची एक पद्धत असायला हवी.

आधी प्रश्न कसला आहे ते ओळखा

प्रश्न दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचताना आपल्याला आपल्याच घरातलं काहीतरी आठवतं आणि आपण त्याचं उत्तर लिहायला लागतो. दुसऱ्यांदा वाचताना समोरच्याने नक्की काय विचारलंय ते दिसतं.

काही प्रश्न निव्वळ माहितीचे असतात: दाखला कुठे मिळतो, कुठली कागदपत्रं लागतात, एसटी किती वाजता आहे. इथे मत देऊ नका. पक्कं माहीत असेल तर सांगा, नसेल तर गप्प राहा. "बहुतेक तहसीलला मिळेल" हे वाचून एखादा माणूस जत तालुक्याच्या टोकाकडच्या गावातून निघतो, त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो आणि खिडकीवर कळतं की काम सेतूत होतं.

दुसरे प्रश्न निर्णयाचे: हे करू की ते. इथे तुमचं मत उपयोगी पडतं, पण समोरच्याची परिस्थिती विचारल्यावरच.

तिसरे प्रश्न दिसतात प्रश्नासारखे, पण ते मन हलकं करणं असतं. "सासूबाईंना माझं काहीच पटत नाही, काय करावं कळत नाही." मजकूर लांब असतो, शेवटी प्रश्नचिन्ह नसतं किंवा असलं तरी उगीच असतं, आणि त्यात "कुणाला सांगणार" अशा अर्थाचं वाक्य असतं. अशा ठिकाणी पाच उपाय लिहिले तर ती बाई पुन्हा बोलत नाही. "एवढं सगळं एकटीने सांभाळताय. यातलं सध्या सगळ्यात जास्त कशाने दमता?" एवढं लिहा आणि थांबा. पुढचं ती सांगते, आणि खरा प्रश्न बहुधा त्या दुसऱ्या मेसेजमध्ये असतो.

उत्तराआधी दोन-तीन प्रश्न

दहा प्रश्न विचारलेत तर ती चौकशी वाटते आणि माणूस निघून जातो. दोन किंवा तीनच विचारा, पण असे की त्यांच्या उत्तरावर तुमचं उत्तर बदलेल. ज्या प्रश्नाच्या उत्तराने तुमच्या सल्ल्यात काही फरक पडणार नाही तो कुतूहलाचा प्रश्न आहे, तो टाळा. "कुठलं गाव?", "आडनाव काय?" हे आपल्याकडे सवयीने विचारलं जातं. त्याची गरज जवळजवळ कधीच नसते आणि त्यामुळे होणारं नुकसान मोठं असतं, त्याबद्दल पुढे.

नोकरीचं उदाहरण घ्या. मिरजेचा एक मुलगा विचारतो: "पुण्यात २२ हजारांची नोकरी मिळतेय, इथे १४ हजार मिळतात. जाऊ का?" लोक "पुण्याला जा, प्रगती होईल" किंवा "आईबापाला सोडून जाऊ नको" असं लिहून मोकळे होतात. त्याला आकडे मागा: खोलीचं भाडं, मेस, तिथला रोजचा प्रवास, महिन्यातून एकदा घरी यायचा खर्च. समजा ते अनुक्रमे ५,०००, ४,०००, १,५०० आणि १,५०० निघाले. २२ हजारांतून १२ हजार गेले, हातात १० हजार. इथे पेट्रोल आणि किरकोळ मिळून ३ हजार गेले तर ११ हजार उरतात. म्हणजे आज पुण्याला जाऊन हजार रुपये कमीच पडतात. मग दुसरा प्रश्न: दोन वर्षांनी पुण्यात त्याच कामाचा पगार किती होतो, आणि इथे किती होईल? त्याचं उत्तर तिथल्या जुन्या कामगाराला विचारून त्यानेच आणायचं. हिशेब तुम्ही मांडून द्या, निर्णय त्याचा. आणि हातात येणारा पगार विचारा. २२ हजार हा कागदावरचा आकडा असेल तर पीएफ वगैरे कापून वेगळाच आकडा येतो.

द्राक्षबागेच्या प्रश्नाला तर विचारल्याशिवाय उत्तर देणं म्हणजे दुसऱ्याच्या पिकावर जुगार. तासगाव किंवा पलूसकडून "पानावर पांढरं आलंय, काय मारू?" असं येतं आणि खाली औषधांची नावं धडाधड पडतात. आधी विचारा: पांढरं पानाच्या वरच्या बाजूला की खालच्या? वर तेलकट पिवळे डाग आणि त्याच जागी पानाखाली पांढरी बुरशी असेल तर डाऊनी हा रोग. पांढरी भुकटी पानावर, कोवळ्या फुटीवर किंवा मण्यांवर दिसत असेल तर भुरी. दोन्हींची औषधं वेगळी. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा, उन्हात धरून काढलेले, अंधारातले नकोत. मग ऑक्टोबर छाटणीनंतर कितवा दिवस आहे ते विचारा. मग माल कुठे जाणार: निर्यातीला, लोकल बाजारात की बेदाण्याला. निर्यातीच्या मालाला शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत हे औषधागणिक ठरलेलं असतं. बागायतदार त्याला पीएचआय म्हणतात, आणि पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्याची यादी काढतं. तुमच्या बागेत गेल्या वर्षी उत्तम चाललेलं औषध काढणीला वीस दिवस उरलेल्या माणसाला सांगितलंत तर त्याच्या मालाचा नमुना तपासणीत नापास होऊ शकतो आणि अख्खा प्लॉट निर्यातीतून जातो. प्रमाण कधी झाकणाने किंवा "अंदाजे" सांगू नका. लेबलवर जे लिहिलंय तेच, आणि दोन औषधं एकत्र करायचा सल्ला तर लांबून देऊच नका. १८०० १८० १५५१ हा किसान कॉल सेंटरचा फुकट नंबर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तोही उत्तरात द्या.

उत्तराची बांधणी

मोबाईलच्या एका पडद्यात बसेल एवढंच उत्तर माणूस नीट वाचतो. म्हणजे साधारण शंभर ते दीडशे शब्द. पहिल्या ओळीत थेट उत्तर. मग त्याचं कारण, एका वाक्यात. मग अट: "हे जमीन वडिलार्जित असेल तर लागू, वडिलांनी स्वतः घेतली असेल तर वेगळं." मग उद्या सकाळी करायचं एकच काम, ठिकाणासकट. शेवटी, तुम्हाला हे कसं माहीत, ते. "आमच्या घरी असंच झालं होतं" हे एका घराचं झालं; "मी या कामात आहे" हे वेगळं; "कुठेतरी वाचलंय" हे आणखी वेगळं. वाचणाऱ्याला ते तोलता यायला हवं.

तुम्ही ज्या वस्तूचा सल्ला देताय ती तुम्हीच विकत असाल तर पहिल्याच ओळीत सांगा: "माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे", "मी विम्याचा एजंट आहे". लपवलं आणि नंतर उघड झालं तर तुमचा बरोबर सल्लाही फुकट जातो. आणि असं उघड व्हायला आपल्याकडे फार दिवस लागत नाहीत.

रक्कम, मुदत किंवा सरकारी योजनेचा नियम सांगत असाल तर सोबत महिना आणि वर्ष लिहा. तोच मेसेज दोन वर्षांनी कुणीतरी पुढे पाठवतो आणि लोक जुन्या तारखेला अर्ज घेऊन उभे राहतात.

बोलायची रीत: "तुम्ही", सोबत ताई, दादा, काका, मावशी, जे शोभेल ते. वयाचा अंदाज नसेल तर नुसतं "तुम्ही" पुरे. समोरचा "पोरगं लई चिडचिड करतंय, काय करावं" असं आपल्या बोलीत लिहीत असेल तर त्याचं शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका; शक्य तेवढं त्याच्याच भाषेत उत्तर द्या. "एवढं साधं कळत नाही का" हे वाक्य, कुठल्याही रूपात, लिहायचं नाही. तसंच "घाबरू नका, काही होत नाही" हेही. काही होतं की नाही ते तुम्हाला माहीत नसतं.

हक्कसोडपत्राच्या प्रश्नाला उत्तर

सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घेऊ, कारण असल्या प्रश्नांना आपल्याकडे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात घाईची उत्तरं मिळतात.

विचारायचे तीन प्रश्न: जमीन वडिलांकडे कशी आली? वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का? सातबाऱ्यावर वारस नोंद झाली आहे का, आणि तुमचं नाव कुठल्या रकान्यात आहे? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. कित्येक सातबाऱ्यांवर भावांची नावं कब्जेदार म्हणून आणि बहिणींची "इतर हक्क" रकान्यात दिसतात. बाईने सातबारा कधी पाहिलेलाच नसतो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून तो घरबसल्या पाहता येतो, हे तिला सांगा. निम्मं काम तिथेच होतं.

पक्कं सांगण्यासारखं एवढं आहे: हिंदू कुटुंबात वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर मुली, मुलगे, पत्नी, आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, सगळे सारखे वारस. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांना हे लागू नाही, त्यांचा वारसा कायदा वेगळा. मिरजेसारख्या गावातून आलेल्या प्रश्नाला कुटुंब हिंदूच आहे असं गृहीत धरून उत्तर देणं चूक.

आणि कागदाबद्दल: हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरी करून घेतलेल्या स्टॅम्पपेपरने जमिनीचा हक्क सुटत नाही. पण एकदा नोंदवलं की ते एकतर्फी मागे घेता येत नाही. फसवून किंवा दडपणाखाली सही घेतली असं दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि दस्त रद्द करून घेण्याची मुदत फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची आहे. म्हणून सही करायची की नाही याआधीचा सल्ला असा: दस्ताचा मसुदा आधी हातात घ्या, घरी आणा, त्यातले गट नंबर सातबाऱ्याशी ताडून पाहा. बोलणं एका गटाचं झालेलं असतं आणि दस्तात घरजागेसकट सगळे गट असतात, असं होतं. हक्क कुणाच्या नावे सोडताय तेही वाचा. एका भावाच्या नावे की सगळ्यांच्या. "वारस नोंदीसाठी सही पाहिजे" असं सांगून नेलं जात असेल तर थांबा: वारस नोंदीला हक्क सोडावा लागत नाही.

याच्या पुढे तुमचं काम संपतं. सही करावी की करू नये हे तुम्ही सांगायचं नाही. काही बहिणी सगळं कळूनसवरून भावाला जमीन देतात. माहेरचं दार, आईचं म्हातारपण, भावाची अडचण हे सगळं त्यांनी तोललेलं असतं आणि तो त्यांचा अधिकार आहे. तुमचं काम एवढंच की ती सही आंधळी नसावी. बाईला वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते. नंबर १५१००. उत्तराची शेवटची ओळ ही ठेवा.

भाड्याच्या प्रश्नांना एवढं लांब जावं लागत नाही. सांगलीत विश्रामबागेत शिकायला आलेली मुलं विचारतात की घरमालक डिपॉझिट देत नाही, काय करू. विचारा: करार नोंदवलेला आहे का, डिपॉझिट कसं दिलं? महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. पैसे रोख दिले असतील तर मेसेजमध्ये मालकाकडून रकमेचा उल्लेख करून घ्यायला सांगा: "काका, ३० हजार डिपॉझिट कधी परत मिळेल?" त्यावर आलेलं साधं उत्तरही पुरावा होतं. खोली सोडताना भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ काढायचा.

जिथे मत द्यायचं नाही, पाठवायचं असतं

काही मेसेजना चर्चा करत बसायची मुभा नाही. साप चावला, औषध पोटात गेलं, जीव द्यावासा वाटतो, बँकेतून पैसे गेले. इथे पहिलं उत्तर दोन ओळींचं, आणि त्यात नंबर.

सर्पदंश: १०८. हात-पाय हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. प्रतिविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात न्या. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय ही जवळची मोठी ठिकाणं. फवारणीचं औषध पोटात किंवा डोळ्यात गेलं असेल तर डबा, निदान लेबलचा फोटो, सोबत न्यायला सांगा; उलटी करवू नका. कुत्रं चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद, चुना, मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी लस सुरू करा. "घरचं कुत्रं आहे, काही होत नाही" असं लिहिणारा कुणी ना कुणी असतोच. त्याचं म्हणणं तिथंच, पण सभ्यपणे खोडा.

जुलाबाच्या लेकराला ओआरएसचा सल्ला सगळे देतात आणि प्रमाण चुकवतात. मोठं पाकीट १ लिटर पाण्याला, छोटं २०० मिलीला. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी आणि सगळं पाकीट एकदम. एका पेल्यात अर्धं मोठं पाकीट टाकलं तर मीठ जास्त होतं आणि लेकराला उलट त्रास होतो. औषधाचा डोस मात्र सांगू नका. तो वजनावर ठरतो आणि पातळ औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, त्यामुळे "पाच मिली द्या" या वाक्याचा अर्थ बाटलीगणिक बदलतो.

ऑनलाईन पैसे गेले तर १९३०, लगेच. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत थांबवता आले तर आले. आधी फोन, मग हळहळ.

जीव नकोसा झालाय असं कुणी लिहिलं, अगदी अर्धवट चेष्टेत लिहिलं तरी, सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही भीती चुकीची आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत. जवळ या क्षणी कोण आहे ते विचारा आणि त्या माणसाला हाक मारायला लावा. "आईबापाचा विचार करा" लिहू नका. त्याचं ओझं आधीच असतं.

घरात मारहाण होत असेल तर पहिला प्रश्न: "हा मोबाईल आणखी कुणी बघतं का?" नवऱ्याच्या हातात तो मेसेज पडला तर तुमच्या चांगल्या सल्ल्याची शिक्षा तिला मिळते. नंबर १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलिस). घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा कायदेशीर हक्क आहे, हे बहुतेकींना माहीत नसतं, सांगा. "सोडून द्या त्याला" एवढं लिहून निघून जाऊ नका. रात्री कुठे जायचं, लेकरांचं काय, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक कुठे आहे, याची सोय लागल्याशिवाय ते वाक्य पोकळ आहे.

पुराचे दिवस

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत एकच प्रश्न असतो: आमच्याकडे पाणी येईल का? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोडच्या सखल भागाला इशारा पातळीच्या आधीच किंवा तिच्या सुमारास हलावं लागतं, म्हणून "अजून धोका पातळी लांब आहे" हे उत्तर त्यांच्यासाठी घातक आहे. "२००५ ला आमच्या गल्लीत आलं नव्हतं" हेही तसंच: २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २००५ च्या खुणांवर भिस्त ठेवलेल्यांची दैना झाली.

पातळी लिहिताना वेळ लिहा: "आज सकाळी ८ वाजता ३८ फूट." वेळेविना आकडा पसरला की संध्याकाळी कुणीतरी तोच आकडा धरून सामान हलवायचं थांबवतं. जुने व्हिडिओ पुढे पाठवू नका. कोयनेतून किती पाणी सोडलंय एवढ्यावरून अंदाज सांगू नका. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, वाटेतला पाऊस असतो, आणि हे सगळं धरून अंदाज देणं जलसंपदा खात्याचं काम. तुम्ही सांगण्यासारखं: गाडी उंचावर लावा, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला उजेड असताना हलवा, गॅस सिलिंडर बंद करून वर बांधा, निघताना मेन स्विच बंद.

ओळख उघडी पडू न देणं

आपल्या भागात माणूस ओळखायला नाव लागत नाही. "कवठेमहांकाळ तालुका, नवरा एसटीत, दोन मुली, दीड एकर बाग" एवढ्यावर पाव्हण्यांत दुसऱ्या दिवशी बातमी पोचते. कुणी असं सगळं लिहिलं असेल तर उत्तराआधी कळवा: "ताई, तालुका आणि नोकरीचा उल्लेख काढून टाका, मग बोलू." तुमच्या उत्तरातही ते तपशील पुन्हा लिहू नका, तिने मूळ मजकूर काढला तरी तुमच्या उत्तरात ते राहतात. स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही, नाव खोडूनही नाही.

पुरुषांसाठी वेगळं सांगावं लागतं: बाईने सगळ्यांसमोर विचारलं असेल तर सगळ्यांसमोर उत्तर द्या. खासगी मेसेज, फोन नंबर मागणं, "सविस्तर बोलू" हे नाही. ती स्वतः म्हणाली तरी एखाद्या जाणत्या बाईला सोबत घ्या.

एखाद्या डॉक्टरचं, दुकानाचं, शाळेचं नाव घेऊन "चोर आहेत" असं लिहू नका. काय घडलं, किती पैसे गेले, पावती आहे का, एवढं लिहिता येतं. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आहे. पुराव्याशिवाय केलेली बदनामी गुन्हा ठरू शकते. आडनावावरून जात ओळखून स्थळाचे, भांडणाचे सल्ले द्यायची सवय तर मुळातून काढायला हवी.

दुसऱ्याने चुकीचं सांगितलं असेल तर, आणि आपलंच चुकलं तर

चुकीच्या उत्तराखाली भांडण लागलं की विचारणारा बाजूला पडतो. चुकलेल्या माणसाला उद्देशून न लिहिता विचारणाऱ्याला उद्देशून लिहा: "ताई, वर नोटरीचं लिहिलंय ते जमिनीला लागू होत नाही, कारण दस्त नोंदवावा लागतो." कारण दिलं की वाद निम्मा होतो. दोनदा सांगून पटलं नाही तर थांबा. जीवाचा प्रश्न असेल तर मात्र तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही लिहा.

आठ-दहा दिवसांनी "काय झालं?" एवढं विचारा. पैसे, फवारणी, दवाखाना यांबद्दल सांगितलं असेल तर नक्की विचारा. सल्ला खऱ्या घरात कसा चालला ते कळायचा दुसरा मार्ग नाही. तुमचं आधीचं उत्तर चुकलेलं लक्षात आलं तर ते गुपचूप पुसू नका, कारण वाचणाऱ्याने ते केव्हाच वाचलेलं असतं. त्याच जागी, त्याच माणसाचं लक्ष वेधून, असं लिहा: "ताई, काल मी नोटरी पुरेशी आहे असं लिहिलं होतं. ते चूक आहे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. माझ्या सांगण्यावरून कुठे सही केली असेल तर तारीख आणि कागदाचा फोटो जपून ठेवा, आणि उद्याच १५१०० वर विचारा."